गोटा का बटन

शर्यतीची सहावी फेरी संपत आली तेव्हा उत्पलाच्या मानेवरून गार वारं गेलं. नुसती झुळूक. मागून कुणीतरी यावं, मानेवर हळूच फुंकर घालावी आणि आपण त्या गावचेच नाही असं दाखवून निघून जावं, तेवढीच. आटलेल्या तळ्याच्या पाळीवर हजारभर माणूस बसलं होतं. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी लेकरावर पदराचा आडोसा करत होतं, कुणी उगीचच शिट्ट्या मारत होतं, आणि त्यातल्या एकाच्याही मानेला ते वारं लागलेलं दिसत नव्हतं. उत्पलाच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. हातातली पाटी जड झाली. पाटी म्हणजे बांबूला ठोकलेला पत्रा, एका अंगानं पांढरा, दुसऱ्या अंगानं लाल. पांढरं अंग दाखवलं की मामानं पळत राहायचं. लाल दाखवलं की चालू फेरी संपवून पाळीखाली थांबायचं, मग निवृत्तीकाका मोटारसायकलचं मागचं चाक काढणार आणि दुसरं घालणार. शर्यत भरवणाऱ्या सोसायटीचा नियमच होता तसा: चाक एकदाच बदलायचं, आणि कधी ते ठरवायचं पाळीवरच्या माणसानं. कारण खाली तळ्याच्या पोटात पळणाऱ्याला चहूबाजूंनी पाळ आणि टेकाडं दिसतात, आभाळ दिसतं ते फक्त डोक्यावरचं, आणि डोक्यावरच्या आभाळात कधीच काही नसतं. जे यायचं ते कडेनं येतं. बन्सीमामाचं पाळीवरचं माणूस म्हणजे उत्पला. वय पंधरा, इयत्ता दहावी ब, अंबाजोगाईच्या वक्तृत्व स्पर्धेत सलग दोन वर्षं पहिली. पहिलं बक्षीस मिळाल्यापासून ती गल्लीतून चालायची तीसुद्धा जणू पुढं माईक ठेवलाय अशी. आत्ता तिला आपले पाय कुठं टेकलेत हेच कळेना.

दोन चाकं होती. एकावर गोटा, एकावर बटन. गोटा म्हणजे झिजून झिजून टकलासारखा गुळगुळीत झालेला टायर. बटन म्हणजे अंगभर रबराची चौकोनी ढेकळं उठलेला. ह्या गावात टायर कुणाला शिकवावा लागत नाही. निम्मं गाव दसरा उलटला की टायरगाड्या जुंपून ऊस तोडायला जातं, उरलेल्यातलं निम्मं सोसायटीच्या ट्रॅक्टरवर असतं. शेंबडं पोरगंसुद्धा फुफाट्यातला वळ बघून कुणाची गाडी गेली ते सांगतं. आटलेल्या तळ्याची भुई भाकरीसारखी भाजलेली, टणक. तिच्यावर गोटा चिकटून पळतो, बटन नुसतं खडखडतं. धो-धो पाऊस आला की उलटं: गोटा घसरतो आणि बटन चिखलात दात रोवतं. इतकं सोपं आहे सगळं. पण ह्या दोहोंच्या मधे एक तिसरं असतं, आणि त्याला चाकच नाही. बुरबुर. काळ्या रानावर बुरबुर पडली की वरचा पापुद्रा तेवढा भिजतो, साबण लावल्यासारखा होतो. त्याच्यावर गोटा तर जातोच, पण बटनाचं त्याहून वाईट. ढेकळांच्या सांदीत ती माती चुन्यागत बसते, थरावर थर धरते. बुरबुरीत शेतातून चालून बघावं, दहा पावलांत चपलेला शेरभर माती आणि विसाव्या पावलाला चप्पल मागं, माणूस पुढं. तसंच चाक. धरत धरत ते चाकाला धरणाऱ्या दांडीच्या सांदीत अडकतं, आणि मग गाडी थांबते, वरचं माणूस थांबत नाही.

हे तिला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं. गेल्या साली तिनं ते ह्याच पाळीवरून, ह्याच जागेवरून बघितलं होतं. गेल्या साली तळं पहिल्यांदा आटलं आणि सोसायटीच्या रिकाम्या ड्रायव्हरांना काहीतरी करावं म्हणून ही शर्यत निघाली. कारखाना पेटलाच नव्हता. ऊस नाही तर काय पेटणार? तेव्हाही मामानं तिला पाळीवर उभं केलं होतं. शाळेच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक तिच्याकडं होतं ना! रोज सकाळी नरसाळं उचलायचं, बाटलीत बघायचं, वहीत शून्य लिहायचं. त्या शून्यांवर गावानं तिचं नाव हवामानवाली ठेवलं होतं. पण पर्जन्यमापक पडलेला पाऊस मोजतं, पडायचा नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही. गेल्या साली अकराव्या फेरीला आभाळ काळं झालं, घाटनांदूरच्या गोदामावरून रखवालदार आप्पारावचा फोन आला की इकडं लई जोरात हाय, सगळी पाळ उठून उभी राहिली, आणि तिनं लाल दाखवलं. निवृत्तीकाकांनी एकदाच विचारलं होतं, 'पोरी, धो-धो येईल का? नुसती बुरबुर असंल तर बटन लावू नये.' आणि तिनं त्या आवाजात सांगितलं होतं, 'धो-धो येनार काका. लिहून घ्या.' तो आवाज! तो आवाज तिला अंबाजोगाईला सापडला होता, 'पाणी : काल, आज आणि उद्या' ह्या विषयावर बोलताना. मधेच आकडा विसरला आणि तिनं न अडखळता एक आकडा आपल्या मनानंच ठोकून दिला, एकवीस टक्के म्हणून, कशाचे ते आता आठवतही नाही. आणि परीक्षकांनी मान डोलावत तो कागदावर टिपून घेतला. त्या दिवशी तिला काय आनंद झाला होता! जग किती सोपं आहे, नुसतं मधे थांबायचं नाही. पुढं चार महिन्यांनी बाराव्या फेरीच्या वळणावर मामाचं चाक अडकलं, आणि मामा आधी पतंगासारखा वर गेला आणि मग गोणीसारखा खाली आला. आवाज एवढासाच झाला. मांडी मोडली होती. आत सळई घालावी लागली. पाऊस सात मिनिटं पडून थांबला होता. दुसऱ्या दिवशी तिनं बाटली बघितली, दीड मिलिमीटर, आणि वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

खालून बन्सीमामा गेला. पिवळं हेल्मेट, गुडघे गाडीला दाबलेले, मागं धुळीची शेपटी. तो दुसरा होता. पुढं पंडित, मागं गहिनीनाथ, दोघंही सोसायटीचेच ट्रॅक्टर ड्रायव्हर. जाताना मामानं मान वळवून वर बघितलं. दर फेरीला बघायचा. तिनं पांढरं दाखवलं. पांढरं म्हणजे सगळं ठीक आहे. पांढरं म्हणजे आभाळ कोरं आहे. ती वळली आणि तिनं घाटनांदूरच्या अंगाला बघितलं. टेकाडांच्या मागून काहीतरी उठत होतं. ढग म्हणावा तर तो नुसता जांभळट डाग, वांगं भाजल्यावर सालीवर येतो तसा.

'काय झालं गं?' शेजारी बसलेली केशरमामी म्हणाली.

'काय न्हाई.'

'मग अशी का हुबी, इंजान बंद पडल्यावानी?'

'हुबी न्हाई का ऱ्हायची? पाटी कोन धरील, तू?'

'आता गं बया! मी पाटी धरली तर तुझा मामा पार परळीला जाऊन पोचंल,' मामी हसली आणि शेंगांची टरफलं पदरातून झटकली. मग हसू तसंच तोंडावर ठेवून, आवाज खाली आणून म्हणाली, 'मी त्याला जाऊच देनार नव्हते, उत्पले. सकाळी तू म्हनालीस, आज पाऊस न्हाई, लिहून घ्या. म्हनून गप बसले बघ.'

म्हणालीच होती. ताटावर बसून, तोंडात भाकरीचा घास, त्याच आवाजात. गेल्या सालानंतर तिनं ठरवलं होतं की आता कधी तसं बोलायचं नाही, आणि कितीतरी महिने ती खरंच पुटपुटत बोलत होती. पण आवाज म्हणजे काय अंगरखा आहे, काढून खुंटीला टांगायला? यंदाच्या स्पर्धेला सरांनी नाव दिलं, ती उभी राहिली, आणि तो परत आला, आधीपेक्षा मोठा होऊन. आणि तो आल्यावर इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मामाच्या खाटेवरून येणारी करकर तिला आठवडाभर ऐकूच आली नाही. तिच्या गावात हायस्कूल नाही म्हणून आठवीपासून ती मामाकडं राहायला आलेली. मामाची खाट आणि तिची पथारी ह्यांच्या मधे एक पत्र्याची पेटी. चार महिने मामा त्या खाटेवर उताणा होता. मामी त्याचं सगळं करायची, आणि बघायला येणारे बायाबाप्ये दारातच विचारायचे, 'कसं काय झालं हो?' आणि मामा दर वेळी तेच सांगायचा, 'टायर माझा, चूक माझी.' एकदाही म्हणाला नाही की पाटी पोरीच्या हातात होती. एकदाही नाही. पहिल्यांदा तिला भरून आलं. पाचव्यांदा लाज वाटली. विसाव्यांदा तिला त्या वाक्याची भीती वाटायला लागली. दार वाजलं की ती हातातलं काम सोडून ऐकत राहायची. आता कुणी येईल, विचारेल, आणि मामा शांतपणे ते वाक्य काढून पुढं ठेवील, पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवावा तसं. तिच्याकडं न बघता. त्या न बघण्याचं तिनं काय काय करून बघितलं. चहा करून दिला, पाय चेपले, विनोद सांगितले. मामा हसायचा. पण बघायचा नाही. आणि यंदा शर्यत ठरली तेव्हा तो सरळ म्हणाला, 'पाळीवर उत्पलीच ऱ्हाईल.' मामी भांडली. मामा म्हणाला, 'न्हाईतर गाव काय म्हनंल?' गाव काय म्हणेल! म्हणजे गावासाठी. का तिच्यासाठी? का त्याला बघायचंच होतं, ही परत तसंच सांगते का?

सातवी फेरी. पांढरं.

सगळं गाव पाण्यासाठी आभाळाकडं बघत होतं, दोन वर्षं झाली, मान वर करून करून बायकांच्या डोक्यावरच्या घागरी कलंडायच्या. आणि ह्या हजार माणसांत पाऊस येऊ नये असं वाटणारी ती एकटी होती. तळ्यात पाणी असतं तर ही शर्यतच नसती, मामा त्या पाण्याच्या तळाशी पळत होता खरं तर. त्याच्या डोक्यावरून मासे जायला पाहिजे होते. येऊ नकोस, ती त्या जांभळ्या डागाला मनात म्हणत होती, आज येऊ नकोस, अर्धा तास थांब, मग कर काय करायचं ते. आणि लगेच तिला वाटलं की हे आपल्या तोंडावर दिसत असणार. आत्ता कुणीतरी वळेल आणि म्हणेल, ही बघा, गावाच्या पावसाच्या आड उभी राहिलेली! मागायचं तरी कुणाकडं? घरात बुद्धवंदना होते, तिच्यात काही मागायचं नसतं. तिनं ओठ घट्ट मिटले. वाऱ्याला वास आला, ओल्या मातीचा नव्हे, लोखंडाचा, नळाला तोंड लावल्यावर येतो तसा.

आठव्या फेरीला पाळीच्या टोकाच्या शेडमधून कर्णा खरखरला. सोसायटीचा कारकून बद्रीनाथ माईकवर होता. 'ऐका हो ऐका! घाटनांदूरच्या गोदामावरून आत्ताच फोन आलाय. आप्पाराव म्हनतोय लई जोरात हाय! पत्र्यावर एवढा आवाज हाय की त्याचं त्यालाच बोललेलं ऐकू येईना!'

सगळी पाळ एकदम उभी राहिली. टरफलं उडाली. 'आला, आला!'

'मागल्या सालीबी ह्येच म्हनला व्हता की बे आप्पाराव!' कुणीतरी ओरडलं.

'मागल्या साली त्यानं घेतलेली व्हती. यंदा शुद्धीत हाय,' कर्णा म्हणाला, आणि माणसं खदाखदा हसली.

उत्पलाला हसू आलं नाही. आप्पारावला ती ओळखत होती. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. दुष्काळातलं माणूस पावसाबद्दल खोटं बोलतच नाही. त्याला तो तेवढाच दिसतो. पत्र्यावर चार थेंब वाजले की त्याच्या कानात ओढा वाहायला लागतो. दोन वर्षांत ह्या मुलखात कुणाला रिकामा ढग दिसलाच नव्हता, सगळ्यांना सगळे ढग भरलेलेच दिसत होते, आणि गेल्या साली तिलाही तसाच दिसला होता, इतकंच झालं होतं. ती काही मुद्दाम खोटं बोलली नव्हती. तिला खरंच धो-धो दिसला होता. हे तिनं सालभर स्वतःला सांगितलं होतं आणि सालभर ते तिला पटलं नव्हतं, कारण आतून तिला माहीत होतं की निवृत्तीकाकांनी विचारलं तेव्हा ती ढगाकडं बघतच नव्हती. ती विचार करत होती की आपण किती भारी दिसतोय, एवढी मोठी माणसं आपल्याला विचारतायत.

पाळीखाली दोन माणसं पंडितचं बटन लावलेलं चाक घेऊन पुढं सरली. त्यांची पाटी लाल झाली. निवृत्तीकाकांनी खालून तोंडाला हात लावून हाळी दिली. कारखान्याच्या गॅरेजातून निवृत्त झालेला माणूस, गेल्या आठवड्यात त्यांनी पातं तापवून बटनाच्या खाचा स्वतः खोल करून घेतल्या होत्या. 'उत्पलाऽऽ! काय करायचं? गोटा का बटन?'

आता मामाची नववी फेरी सुरू होती. पंडित चाकासाठी थांबला म्हणजे मामा पहिला. पंधरा पुऱ्या व्हायला ही सोडून सहा राहिल्या. चेअरमननं साऱ्यांदेखत सांगितलं होतं, 'बन्सी, पंधरा फेऱ्या पुऱ्या करून दाखव. पयला ये, शेवटचा ये. पाय धरतोय हे दिसू दे, पाच नंबरचा ट्रॅक्टर परत तुझा.' आठ दिवसांनी सोसायटीचे ट्रॅक्टर दुसऱ्या मुलखात ऊस ओढायला निघणार होते. पाच नंबर मिळाला तर मामा ड्रायव्हर. नाहीतर मामा पत्र्याच्या पेटीपलीकडची खाट, येणारं-जाणारं माणूस, पाण्याचा तांब्या. तिनं घाटनांदूरच्या अंगाला बघितलं. आता डाग राहिला नव्हता, करडा पडदा झाला होता, टेकाडांवरून खाली उतरत होता. यंदा ती शाळेच्या गच्चीवरून एक गोष्ट आपली आपण शिकली होती. पावसाच्या पडद्यापलीकडं कारखान्याचं धुराडं दिसत राहिलं तर पाऊस विरळ. धुराडं बुडालं तर पाऊस भरलेला. दोनदा जमलं होतं. दोनदाच; कारण पाऊसच दोनदा आला होता. तिनं डोळे बारीक केले. धुराडं होतं. काळपट उभी रेघ. मग नव्हतं. मग होतं. का तिला आठवत होतं म्हणून दिसत होतं? दोन सालांत धूर न निघालेलं धुराडं, त्याला बघायची सवय झालेले डोळे, ते नसलं तरी तिथं ते काढणारच. तिनं डोळे मिटून परत उघडले. होतं. नव्हतं. गोटा ठेवला आणि पाऊस आला तर तो वळणावर घसरणार. बटन लावलं आणि बुरबुर आली तर चाक धरणार. गोटा ठेवला आणि पाऊस आलाच नाही तर पहिला येणार. तिच्या डोक्यात मामा तीन-तीनदा पळायला लागला आणि तीनपैकी दोनदा तो आधी पतंगासारखा वर जात होता.

'सांग की गं,' मामी म्हणाली. मामीचा हात तिच्या मनगटावर होता, गार आणि खरखरीत. 'तुला कळतं. सांग.'

कळतं! तो आवाज गळ्याशी आलेलाच होता. तयार, घोटलेला, इस्त्री केलेला. नुसतं तोंड उघडायचं. बटन म्हणाली असती तरी तो आवाज तितकाच ठाम वाटला असता आणि गोटा म्हणाली असती तरी तितकाच. त्याला कशाचंच काही नव्हतं, हे तिला आता दिसलं, आणि पाऊस, मामा, सळई ह्या सगळ्यांपेक्षा तिला त्या आवाजाची भीती वाटली. आपल्याच गळ्यात बसलेलं हे कोण आहे? ह्याला मांडी मोडल्याचं काही वाटत नाही. ह्याला फक्त मधे थांबायचं नसतं. तेवढ्यात तिच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब पडला. मग मनगटावर एक. मोठे, कोमट, एकमेकांपासून लांब लांब. पाळीवर टाळ्या पडल्या, एक म्हातारा टोपी काढून उताणं तोंड करून उभा राहिला. खाली मामा समोरच्या वळणावर होता आणि त्याच्या मागच्या चाकाखालची धूळ उडायची बंद झाली होती.

तिनं लाल वर केलं.

निवृत्तीकाकांनी बटन उचललं आणि पाना हातात घेऊन बसले. उत्पला मात्र पाटी टाकून पाळ उतरायला लागली, पाळीला बसवलेल्या पिचिंगच्या दगडांवरून, बसत, घसरत, कोपर खरचटत. मामी वरून ओरडत होती, ती ऐकू येत नव्हती. ती खाली पोचली तेव्हा मामा थांबला होता, गाडी फडफडत होती, आणि हेल्मेटच्या फटीतून दोन डोळे काकांकडं बघत होते. उत्पला आडवी गेली आणि तिनं गाडीची चावी फिरवली, काढली आणि मुठीत घेतली.

गाडी बंद पडल्यावर एकदम पाऊस ऐकू आला.

'काय करतीस?' मामा म्हणाला. 'चावी दे.'

'उतर.'

'येडी का काय? चाक बदला काका, हिचं काय ऐकता?'

'कोनचं बदलू?' काका म्हणाले. ते पाण्याकडं बघत होते, हाताच्या पंजावर थेंब झेलत. 'कोनचं बदलायचं ते तर सांगंना ती.'

'मामा, उतर. कोनचंच न्हाई. तू उतर.'

'मी पयला हाय! अगं, मी पयला हाय!' मामाचा आवाज फाटला. पंडित बाजूनं बटन लावून निघून गेला, आणि लगेच गहिनीनाथ, गोट्यावरच, चिखलाचा शिंतोडा त्यांच्या तिघांच्या अंगावर उडवत. 'चावी दे उत्पले. हजार माणूस बघतंय.'

तिनं मूठ पाठीमागं नेली. मामानं हात उगारला. खरंच उगारला, त्या मामानं, ज्यानं तिला कधी बोट लावलं नव्हतं. आणि तिनं डोळे मिटले आणि थापडीची वाट बघितली. थापड आली नाही. डोळे उघडले तेव्हा मामा उतरून गाडीच्या पलीकडं, पाठ करून, टायरांच्या ढिगावर बसला होता.

पुढच्या सहा फेऱ्या तिनं तिथंच उभं राहून बघितल्या आणि एकेका फेरीला तिला वाटत होतं, आता पडेल कुणीतरी. पंडित पडेल. गहिनीनाथ पडेल. पडावं असं नव्हतं वाटत. पण कुणी पडलं नाही तर आपलं काय होणार, असं वाटत होतं, आणि हे वाटणं आत कुठं तरी फार घाण होतं. पाऊस पाच मिनिटं पडला असेल नसेल. बुरबुरच. धुराडं पडद्यातून बाहेर आलं, सरळ, कोरडं, जसं काही हललंच नव्हतं. पंडितच्या चाकानं माती धरली, तो हळू झाला, पण अडकला नाही. गहिनीनाथ गोट्यावर दोनदा डुलला आणि सावरला. वळणावर पाय टेकवत, म्हातारी रस्ता ओलांडते तसा सावकाश, तो पंधरा फेऱ्या पुऱ्या करून पहिला आला. पाळीवरून माणसं धावत उतरली आणि त्याला खांद्यावर घेतलं. कुणीही पडलं नाही. सगळे जण जसे गेले होते तसे परत आले. कर्णा म्हणत होता, 'बन्सीची गाडी फेल गेली का काय? बन्सीची गाडी फेल गेली, कळवा.'

ती मामाच्या समोर, ओल्या मातीतच खाली बसली. मामानं हेल्मेट काढलं होतं. केस घामानं डोक्याला चिकटले होते.

'हळू चालवून पुरी केली असती मी,' तो म्हणाला. 'गहिन्यानं केली तशी.'

'तू हळू चालवत न्हाईस.'

'तुला काय म्हाईत? ह्या पायावर चालवली असती.' त्यानं हेल्मेट बाजूला ठेवलं. 'तुला कळलं व्हतं का, बुरबुरच पडनार म्हनून?'

हो म्हणता आलं असतं. बुरबुरच पडली होती, कुणाला पुरावा मागायचा होता? आवाज गळ्याशी आला, आणि तिनं त्याला जाऊ दिलं नाही. 'न्हाई,' ती म्हणाली, आणि तिचं बोलणं बारीक, चिरकं, एखाद्या दुसऱ्याच पोरीचं आल्यासारखं आलं. 'मला कायच कळलं न्हाई मामा. धुराडं दिसायचं आन् दिसायचं न्हाई. मी भ्याले. भ्याले म्हनून काढलं तुला भाईर.'

मामानं तिच्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत, सालाभरानं पहिल्यांदा. आणि त्या डोळ्यांत माया नव्हती, राग होता, जुना, शिळा, साचून कडू झालेला.

'गेल्या साली अशी भ्याली असतीस तर,' तो म्हणाला. 'गेल्या साली भ्याली असतीस तर माझा पाय धड ऱ्हायला असता, उत्पले. काका इचारत व्हते तुला. चाकासाठी थांबलो तवा म्या खालून ऐकलं. धो-धो येनार, लिहून घ्या! काय लिहून घ्यायचं व्हतं? माझी मांडी?'

केशरमामी तेवढ्यात खाली पोचली होती, धापा टाकत, चपला हातात घेऊन. तिनं ते ऐकलं आणि जागीच थांबली. 'बोललास एकदाचा,' ती म्हणाली. 'सालभर घरात ढोर मेल्यावानी वास यायला लागला व्हता.'

'तू गप.'

'मी गपच हाय. तूच बोल.'

उत्पलाला वाटलं होतं की हे वाक्य कधी आलंच तर आपण मरून जाऊ. सालभर रोज दार वाजलं की ती ह्याच वाक्याला घाबरली होती; ते आता बाहेर येऊन तिच्यासमोर चिखलात पडलं होतं, आणि ती बसलीच होती, जिवंत, खरचटलेलं कोपर झोंबत होतं. खरं होतं ते. शब्दन् शब्द खरं होतं. तिनं नुसती मान हलवली आणि रडू फुटलं, मोठ्यानं, नाक गळेस्तोवर, लहान पोर रडतं तसं. मामानं अडवलं नाही. समजूत घातली नाही. पाच नंबरचा ट्रॅक्टर गेला हेही कुणी बोललं नाही. ते तिघांनाही माहीत होतं, आणि निवृत्तीकाका आपले पाने एकेक करून फडक्यात गुंडाळत होते.

मग बऱ्याच वेळानं मामा उठला, आधी चांगला पाय, मग दुसरा. 'चावी,' तो म्हणाला.

तिनं मूठ उघडली. तळव्यात चावीचे दात उमटले होते. मामानं चावी घेतली, खिशात टाकली आणि हँडल धरलं. पाळीवर चढायची वाट निसरडी झाली होती, चालू गाडी तिथून जाण्यासारखी नव्हती. ती गाडीच्या मागं गेली आणि दोन्ही हात सीटला लावले.

'लाव जोर,' मामा पुढून म्हणाला.

'लावतेय की.'

'आन् पाय घसरला तर हात सोड. गाडी जाऊ दे खाली. धरून बसू नको.'

तिनं डोकं खाली घातलं आणि ढकलायला लागली.